इंदू गेली की नाही गेली

हे मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या कासार आंबोलीचे नाही. आणि तिथलं कुणी वाचत असेलच, तर — वाचू दे आता.

टीव्हीवर एक मालिका लागायची, आठवड्यातून एकदा. आज ती कुणाच्या लक्षातही नसेल. आमच्या आळीत टीव्ही फक्त आमच्याकडे. त्या दिवशी बायका भाकऱ्या लवकर उरकून यायच्या, शेंगा फोडत, लसूण सोलत बसायच्या. काही विनोदी झालं की अशा खिदळायच्या की पुढचं वाक्य कुणाला ऐकूच यायचं नाही. मग एकच गिल्ला — “काय म्हनली गं ती? काय म्हनली?” भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरूनच ओरडून विचारायचा, “आलं का?” असं घर पुन्हा कधी भरलं नाही आमचं.

मालिकेतल्या इंदूला सासरच्यांनी घराबाहेर काढलेलं. ती भावाकडे राहून शिलाई करायची. भावजय टोमणे मारायची, पण तेही असे की हसून पोट दुखावं. शेवटी प्रश्न एकच उरला होता — नवरा न्यायला आला, तर इंदू जाईल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त कुणाचा होता, ते आळीला माहीत होतं. शेजारच्या कमलाक्काचा. लग्न होऊन पौडच्या पुढे गेली आणि दोन वर्षांत माहेरी आली. नवरा पितो, घालूनपाडून बोलतो, असं कानावर होतं. ती स्वतः कधी बोलली नाही. दाराशी बसायची, एक डोळा टीव्हीवर, एक डोळा बाहेर बांधलेल्या शेळ्यांवर.

नेमका शेवटचा भाग आला आणि वाऱ्यात विजेचा खांब पडला. गावात लाईट नाही. मी दहावीची परीक्षा देऊन पुण्याला मामाकडे चालले होते. सगळ्या बायका मला एसटीपर्यंत सोडायला आल्या. “लते, नीट बग बरं का. डोळा मिटू नको!” कमलाक्का पुढे आली. माझ्या पिशवीत तिनं शेंगदाण्याचे लाडू ठेवले.

आणि मी तो भाग बघितलाच नाही.

का? तर पावभाजीसाठी. हसू नका — किंवा हसा, हसण्यासारखंच आहे. ऐन मालिकेच्या वेळी मामेबहिणीनं पावभाजीच्या गाडीवर नेलं. तोवर पावभाजी मी कधी खाल्ली नव्हती. तव्यावर ते लोणी, तो वास... इंदू डोक्यातून साफ गेली. घरी आल्यावर मामीला विचारलं, तर ती म्हणाली, “मी कुठे बघते गं ती रडारड!”

परत आले तर एसटीपाशीच बायका उभ्या. खरं सांगायचं असं ठरवूनच उतरले होते. पण ते चेहरे बघितले आणि — काय झालं मला? तोंडातून निघालं, “नाही गेली इंदू.”

एकदा निघालं, मग कशाला थांबतंय! अंगणात बसून सगळा भाग रचला मी. नवरा दाराशी येतो, हातात साडी. भावजय मागून खुणा करते, जा, जा. इंदू तांब्या आणते, त्याला पाणी देते आणि म्हणते, “पाणी प्या आणि या. मला शिलाईची कामं आहेत.” भावजयीचं तोंड मी असं करून दाखवलं की बायका लोळायच्या राहिल्या. टाळ्या पडल्या. एवढा मान मला पंधराव्या वर्षापर्यंत कुणी दिला नव्हता. कमलाक्का तेवढी हसली नाही. म्हणाली, “आसंच म्हनली? पानी प्या आन् या?” मी म्हटलं, “अगदी असंच.”

पुढच्याच महिन्यात तिचा नवरा आला, चुलत्याला घेऊन. मी आमच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. कमलाक्कानं तांब्या आणला. “पानी प्या आन् या. मला शेळ्या सोडायच्यात.” तिची आई रडायला लागली. तो पाणी प्यायला आणि गेला. माझ्या हातातलं पातळ तिथंच गळालं.

तेव्हा सांगायला नको होतं का? त्याच मिनिटाला? नाही सांगितलं. पुढे ऐकलं, त्यानं दारू सोडली, दुसरं लग्न केलं, बरा नांदतो. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कमलाक्काचं म्हणाल, तर आता तिची खानावळ आहे. रविवारी पुण्याजवळच्या सूसकडून लोक गाड्या काढून तिच्या मटणासाठी येतात. गडगडून हसते, गिऱ्हाइकाला दम देते. पण म्हणून मी सुटले, असं मी म्हणणार नाही. एवढा मोठा निर्णय तिनं माझ्या थापेवर घेतला.

यंदा माहेरी गेले, तर तिच्या भाचीला ती मालिका इंटरनेटवर सापडलेली. खानावळीतल्या टीव्हीवर लावली. जुन्या बायका जमल्या — कुणी काठी घेऊन, कुणी सुनेला धरून. तीच गाणी, तेच टोमणे, आणि तसंच खिदळणं! मीही हसत होते, पण किती भाग उरले ते मोजत होते. मग शेवटचा भाग लागला. नवरा आला. इंदूनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि त्याच्यामागून चालू लागली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

“ह्ये बदाललंय,” कमलाक्का म्हणाली. “कुनीतरी कापून दुसरंच जोडलंय. आमच्या लतीनं सोता बगितलंय. व्हय का न्हाई गं लते?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. इतक्या वर्षांनी खरं सांगायचं दार आपणहून उघडलं होतं. मी पन्नाशीच्या पुढची बाई, आता मला कोण रागावणार होतं?

“व्हय,” मी म्हणाले.

बायकांनी हुश्श केलं. मग टीव्हीवाल्यांना शिव्या, मग हशा. भाचीला खरा शेवट ऐकायचा होता. “सांग की लते, हिला ठावंच न्हाई,” कमलाक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून अगदी पुढ्यात बसली. मी उठले, पदर खोचला आणि भावजयीपासून सुरुवात केली. या वेळी चार वाक्यं जास्तच घातली. खानावळ हसून हसून कोलमडत होती, कमलाक्का डोळे पुसत होती — आणि मला फार, फार मजा येत होती.