काउंटर सातवरचं विसरलेलं स्टूल

'महाबचत' नावाच्या त्या अवाढव्य दुकानात काउंटर एकूण बारा, त्यातला सातवा भाग्यश्रीचा. भाग्यश्री म्हणजे संत तुकाराम नगरच्या कोंडीरामची थोरली मुलगी. वय बेचाळीस, हात चलाख आणि तोंड हाताहून चलाख. याआधी नऊ वर्षं ती पिंपरी कॅम्पात एका किराणा दुकानात गल्ल्याशेजारी काम करायची. पगार तुटपुंजा आणि सुट्टी शेठच्या लहरीवर, पण बसायला खुर्ची होती आणि अकरा वाजता चहा यायचा. मग आसपास अशी दोन-तीन अवाढव्य दुकानं उघडली, शेठचं गिऱ्हाईक पातळ झालं, आणि शेठने तूरडाळीच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगली. कव्हरं विकायला पुतण्या पुरला. मग ज्यांनी शेठचं गिऱ्हाईक पळवलं त्यांच्याकडेच भाग्यश्री नोकरीला लागली. पगार जवळजवळ दुप्पट, फंड कापतात, गणवेश देतात. नोकरी कंत्राटदाराची, अकरा महिन्यांची, पण ती दर वेळी पुढे सरकते. खुर्ची तेवढी देत नाहीत.

दुकानात शिरताच समोर भला मोठा फलक आहे: 'आम्ही खर्च वाचवतो, म्हणून तुम्ही पैसे वाचवता.' भाग्यश्रीने तो तीन वर्षांत हजारदा वाचला होता. एका दुपारी पिंडऱ्या ठणकायला लागल्या तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला की हा जो वाचवलेला खर्च आहे, त्यात आपली खुर्चीही आहे. गंमत अशी की घरचा किराणा तीही तिथूनच भरायची. तेलाची पिशवी बाहेरच्यापेक्षा अठरा रुपयांनी स्वस्त. या अठरात आपल्या पायांचे किती, याचा तिने अंदाज बांधून पाहिला, तो काही बांधता आला नाही, आणि तिने दोन पिशव्या घेतल्या.

पण पाय काही गमतीवर घेईनात. नसा फुगून दोरीसारख्या दिसायला लागल्या, संध्याकाळी चप्पल पायात शिरेना. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं की बसून काम करा, नाहीतर काम सोडा. काम सोडायची सोय नव्हती. मुलगी ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नवरा नवनाथ चाकणला कंत्राटावर, म्हणजे आज शिफ्ट आहे आणि उद्याची उद्या कळेल. तेव्हा आता बसायला मिळालं तरच नोकरी राहणार, अशी वेळ आली होती.

तिने फ्लोअर मॅनेजर जयदीपकडे खुर्ची मागितली. जयदीप सत्तावीस वर्षांचा, वाईट मुळीच नाही, पण हेड ऑफिसचा फोन वाजला की उभ्या उभ्या शर्ट खोचणारा. तो म्हणाला की बसलेला कॅशियर ग्राहकाला ढिला वाटतो असं वरून आलंय, आणि आज तुम्हाला खुर्ची दिली की उद्या बाराही काउंटर मागतील. हे दुसरं मात्र अगदी खरं होतं.

घरी तिने हे बापाला सांगितलं. कोंडीराम एकतीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेला, युनियनच्या जमान्यातला माणूस. कॅन्टीनमधली आमटी पातळ झाली तरी गेटवर सभा घेणारी ती पिढी. लेकीच्या पायांवरच्या फुगलेल्या नसा त्याने चष्मा लावून पाहिल्या.

"आम्हीपण उभंच राहायचो, भागू," तो म्हणाला. "पण आम्हाला उभं राहण्याचे पैसे मिळायचे."

मालकाशी भांडायचं तर आधी मालकाचाच कागद वाचायचा, ही त्याची जुनी रीत. स्टाफरूममध्ये एकोणीस नियमांचा तक्ता आहे असं कळताच त्याने तिला त्याचा फोटो काढून आणायला लावला, आणि दोन दिवस तो चष्मा पुसपुसून वाचला. चौथ्या नियमाने त्याचा जीव खट्टू झाला. बाहेरची वस्तू आत आणायची नाही, आणि कर्मचाऱ्याने स्वतःची खरेदी ड्युटी संपल्यावरच करायची, तीही सीलबंद पिशवीत बाहेर न्यायची. म्हणजे घरचं स्टूल आत जाणार नाही, आणि तिथलं घेतलं तर ते बाहेर जाणार. पण सोळाव्या नियमाला पोचल्यावर तो जो हसायला लागला, तो ठसका लागेपर्यंत थांबला नाही.

सोळावा नियम असा होता: ग्राहकाची विसरलेली वस्तू ज्या काउंटरवर सापडेल, त्या काउंटरच्या कर्मचाऱ्याने तिला तारखेची चिठ्ठी बांधावी आणि त्या तारखेपासून सात दिवस ती आपल्या ताब्यात ठेवावी. आठव्या दिवशी ती ऑफिसात जमा करावी. बिचाऱ्यांनी छत्र्या आणि पोरांच्या पाण्याच्या बाटल्या डोळ्यांसमोर ठेवून तो नियम केला असणार.

गुरुवारी कोंडीराम इस्त्रीचा शर्ट घालून महाबचतीत आला. प्लास्टिकच्या सामानाच्या रांगेत त्याने सगळी स्टुलं जमिनीवर मांडली आणि एकेकावर बसून पाहिलं. काही ठेंगणी निघाली, काही डुगडुगली. तिथला पोरगा हवालदिल होऊन बघत होता. शेवटी कोंडीरामने सगळ्यांत उंच असं एक निळं स्टूल निवडलं, मूळ किंमत तीनशे पंचवीस, ऑफरमध्ये दोनशे एकोणपन्नास. ते घेऊन तो सात नंबरच्या रांगेत उभा राहिला. बापलेकींनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. भाग्यश्रीने "पिशवी हवी का, काका?" असं विचारलं तेव्हा मात्र तिचा आवाज हसण्याने जरा फाटला. पैसे देऊन, बिल घेऊन, स्टूल काउंटरच्या आतल्या बाजूला सरकवून कोंडीराम चालू लागला.

आणि मागून हाक आली, "अहो आजोबा, स्टूल विसरलात!"

हाक मारणाऱ्या यशोदाबाई. निवृत्त शिक्षिका, दर गुरुवारचं गिऱ्हाईक, आणि बाराही काउंटरांची धास्ती. बिल हातात पडलं की त्या पर्समधून लाल पेन काढायच्या आणि ओळीओळीवर बरोबरच्या खुणा करत जायच्या. दोन रुपयांसाठी त्यांनी एकदा जयदीपला गोदामातून बोलावून आणलं होतं. पाच वर्षांत त्या बाईची इथे कोथिंबिरीची काडीसुद्धा मागे राहिली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याचं अख्खं स्टूल मागे राहिलेलं त्यांना कसं बघवणार? कोंडीरामला ऐकू चांगलं येतं, पण त्या क्षणी त्याला ते अजिबात आलं नाही. दुखऱ्या गुडघ्याने तो चक्क पळाल्यासारखा दाराकडे गेला.

दाराशी सोपानराव. जुन्या गावातला शेतकरी. दुकान उभं आहे त्या जागेत कधीकाळी त्याच्या चुलत्याचा हरभरा व्हायचा. जमीन गेली, पैसा आला, घरी करमेना, म्हणून तो आता गणवेश घालून गिऱ्हाइकांची बिलं आणि पिशव्या ताडून पाहतो आणि बिलाला भोक पाडतो. दिवसभर तोही उभाच.

"बिलात स्टूल हाय. हातात न्हाई," तो म्हणाला.

"विसरलं," कोंडीराम म्हणाला.

सोपानरावाने मान लांब करून सात नंबरकडे पाहिलं. भाग्यश्री स्टुलाला चिठ्ठी बांधत होती. बांधून झाल्यावर ती त्यावर टेकली, आणि टेकताना तिने डोळे मिटले.

"व्हतं आसं वय झाल्यावर," सोपानराव म्हणाला आणि त्याने बिलाला भोक पाडलं.

पाच मिनिटांत जयदीप आला. त्याने सोळावा नियम मोबाइलवर काढून तीनदा वाचला. मग म्हणाला की नियमात वस्तू ताब्यात ठेवा असं आहे, तिच्यावर बसा असं कुठेही नाही.

"सर," भाग्यश्री गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "याहून घट्ट ताबा कसा ठेवू, ते तुम्हीच सांगा."

जयदीपने शर्ट खोचला आणि तो निघून गेला.

तो आठवडा भाग्यश्रीच्या आयुष्यातला नुसता मजेचा गेला. काउंटर उंच, स्टूल त्या मानाने बुटकं, त्यामुळे समोरच्याला तिचं फक्त डोकं आणि दोन हात दिसायचे. पण ते दोन हात असे चालत होते की सात नंबरची रांग सगळ्यांत आधी रिकामी व्हायला लागली. संध्याकाळी चप्पल पायात शिरू लागली. कोंडीरामने पुढचा बेतही आखून ठेवला होता: आठव्या दिवशी हे स्टूल ऑफिसात गेलं की त्याच दिवशी आपण दुसरं विसरायचं. फंडाच्या पेन्शनीत महिन्याला दोन स्टुलं बसत होती, उरलेल्या दोन आठवड्यांचं नंतर बघू.

पण बुधवारी कोंडीराम तापाने फणफणला. गुरुवारी सकाळीही तो उठायला बघत होता, इस्त्रीचा शर्ट मागत होता, आणि भाग्यश्रीने त्याला दम देऊन झोपवलं. आजचा दिवस मी उभी राहते, असं ती त्याला म्हणाली. बसमध्ये मात्र तिला रडू आलं. सात दिवसांच्या सुखाने पाय बिघडून ठेवले होते, त्यांना आता उभं राहणं माहीतच नव्हतं.

जयदीप दुपारी आला आणि मान खाली घालून म्हणाला की आठवा दिवस आहे. भाग्यश्री उठली. त्याने निळं स्टूल उचललं. रांगेत पहिल्याच नंबरला यशोदाबाई होत्या.

त्यांनी चौकशी केली की आजोबा स्टूल न्यायला आलेच नाहीत का. मग त्यांनी काउंटरवरून वाकून भाग्यश्रीच्या पायांकडे पाहिलं. मग ते आजोबा तुझे कोण, असं विचारलं. भाग्यश्रीला खोटं सुचलं नाही. वडील, असं ती म्हणाली. यशोदाबाईंनी आपली ट्रॉली रांगेतून बाहेर काढली, मागच्या माणसाला पुढे जा म्हणून सांगितलं, आणि त्या दुकानाच्या आतल्या बाजूला गेल्या. भाग्यश्रीला वाटलं, झालं, आता तक्रार जाणार.

वीस मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा ट्रॉलीत तेल, साखर, पोहे आणि सगळ्यांत वर एक निळं स्टूल होतं.

भाग्यश्रीने ते बिलात घेतलं. यशोदाबाईंनी लाल पेन काढून ओळीओळीवर खुणा केल्या, दोनशे एकोणपन्नासच्या ओळीवरही केली, आणि बाकी सगळं पिशवीत भरून त्या शांतपणे दाराकडे निघाल्या. स्टूल काउंटरच्या आत होतं.

जुनं स्टूल ऑफिसात जमा करून जयदीप नुकताच बाहेर आला होता. त्याने धावत येऊन त्यांना गाठलं. "मावशी, तुमचं स्टूल राहिलं."

यशोदाबाई थांबल्या. "बाळ, मी पस्तीस वर्षं वर्गात उभी राहून शिकवलं. पण वर्गात खुर्ची होती. बसले नाही ती माझी मर्जी होती. पाच वर्षं तुमच्याकडचं एकेक बिल तपासलं मी. तेल इतकं स्वस्त कसं, हे तेवढं कधी तपासलं नाही. लाज वाटली मला आज."

सोपानरावाने बिल पाहिलं, पिशवी पाहिली, काही न विचारता भोक पाडलं.

जयदीप सात नंबरशी आला. आतापर्यंत बाराही काउंटर त्याच्याकडे बघत होते. भाग्यश्री नव्या स्टुलाशेजारी उभी होती, बसायचं की नाही हे न कळून. त्याने खिशातलं पेन काढलं आणि चिठ्ठी मागितली. तिने दिली. त्याने स्वतःच्या हाताने वळणदार अक्षरात लिहिलं: ग्राहकाची विसरलेली वस्तू, काउंटर सात. मग वाकून ती स्टुलाच्या पायाला नीट गाठ मारून बांधली, "बसा, ताई," असं म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हात करून आत निघून गेला.

भाग्यश्री बसली. रांग ओसरल्यावर तिने वाकून चिठ्ठी वाचली. तारखेची जागा त्याने रिकामी सोडली होती.