तराफ्यासाठी छातीचे माप

मंजुळाबाईंच्या छातीभोवती टेप लावण्यास मी नकार दिला, तेव्हा विसर्जन समितीचे सचिव पाटकर नदीकाठी खुर्ची टाकून बसले होते.

"मास्तर, नियम सर्वांना सारखा. यात भेदभाव कुठे आला?"

"पुरुषाचे माप बाईला लावणे, हाच भेदभाव. मी लेखी कळवले आहे. आपण लेखी उत्तर द्या."

नव्वदच्या दशकातील ही गोष्ट. बदलापुरात उल्हास नदीच्या आमच्या घाटावर मूर्ती तराफ्यावरून खोल पाण्यात नेत. तराफा म्हणजे रिकाम्या पिंपांवर बांधलेल्या फळ्या. त्यावर उभे राहून बांबूने रेटणारी माणसे निवडायची होती. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, म्हणून परीक्षक. आदल्या वर्षी तराफा उलटून एक जण जेमतेम वाचला होता. यंदा निवडपत्राखाली सही माझी असणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

उंची आणि फुगवलेल्या छातीचा नियम समितीने वॉचमन भरतीच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला होता. महिला मंडळाला मात्र गौरींच्या तराफ्यावर बाई हवी होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरील मंजुळाबाई ओंडक्यांच्या तराफ्यावरून पलीकडचे गवत आणत. टेप लावला असता तर त्यांचे काम तिथेच गेले असते.

मी प्रत्यक्ष चाचणीचा आग्रह धरला. पहिला उल्हासनगरच्या जिममधला किशोर. छाती नियमापेक्षा जास्त. तो ताठ गुडघ्यांनी, पायांकडे पाहत उभा राहिला. लाटेचा प्रत्येक धक्का थेट खांद्यांपर्यंत पोचला आणि तो पाण्यात पडला. काठावरून कोणीतरी खवचटपणे त्याच्या बॉडीची चौकशी केली.

मंजुळाबाईंचे गुडघे वाकलेले, नजर पैलतीरावर. सारी हालचाल कमरेखाली, खांदे स्थिर. स्त्रियांच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारणतः थोडा खालच्या बाजूस असतो, त्याचा लाभ होतो. पण खरा फरक सरावाचा. आमच्याकडचे मुरलेले कोळी पुरुषही अगदी तसेच उभे राहतात.

मग मूर्तीच्या वजनाची वाळूची पोती चढवली. तराफा प्रवाहात गेला आणि बाईंच्या हातांची ताकद अपुरी पडू लागली. बांबू तळाला टेके, पण तराफा पुढे सरकेना. तो खडकांकडे वाहू लागला. शिट्टी माझ्या तोंडात होती. वाजवायला श्वास नव्हता. या बाईंना पाण्यात मीच, नियम मोडून, धाडले होते.

किशोरने उडी घेतली. तो एका कडेने चढताच बाई दुसऱ्या कडेला सरकल्या. नाहीतर तराफा उलटलाच असता. किशोर उभा राहू लागला.

"उभा नको राहू, दादा. गुडघ्यावर बस. बांबू तू रेट, तोल मी सांभाळते."

तो बसला. तराफा खडकापासून हातभर अंतरावर वळला.

काठावर येऊन किशोर पाटकरांना म्हणाला, "साहेब, घ्यायचं तर दोघांना घ्या. एकटा मी नाय जाणार."

पाटकर अजून निवडपत्रावरील छातीच्या रकान्याकडेच पाहत होते. तो कोरा ठेवून मी खाली सही केली.

गौरी विसर्जनाच्या दिवशी दोघे तराफ्यावर होते. मी सायंकाळपर्यंत शिट्टी दातांत धरून उभा होतो. ती वाजवावी लागली नाही.

यावरून मी इतकेच शिकलो, की जे काम करून घ्यायचे त्याचीच परीक्षा घ्यावी. पुढल्या वर्षीच्या अर्जात छातीचा रकाना पुन्हा होता. माझ्या हरकतीचे उत्तर अद्याप आलेले नाही.