खाऱ्या पाण्यातले मूग

आज सकाळी ओल्या फडक्याची गाठ सोडली, तर मुगाला नखाएवढे मोड आलेले. त्या मोडांना एक कच्चा, हिरवट वास असतो. तो नाकात शिरला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच मी पन्नासेक वर्षं मागे गेले. नागपुरातल्या त्या प्रयोगशाळेत, भिजवलेल्या वाळ्याच्या ताट्यांमागे, ऐन मे महिन्यात.

तेव्हा मी शहराच्या वेशीवर, हमरस्त्यालगतच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहायची, ट्रकांचे हॉर्न ऐकत, आणि दिवसभर मुगाला मिठाचं पाणी पाजायची. हसू नका, पीएचडीचा विषयच तो होता! बी रुजतं तेव्हा त्याच्या दोन दळांत साठवलेली प्रथिनं तोडून, पचवून कोवळ्या कोंबाला भरवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात. मीठ वाढलं की या विकरांचं काय होतं, ते मला मोजायचं होतं. दळं खलात वाटायची तीही बर्फावर, कारण विकर तापलं की कामातून गेलंच. गांधीबागेतून गोणपाटात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी डोळ्यांदेखत वितळायची आणि माझी चिडचिड व्हायची. वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर प्रबंध झाला नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी.

तिथे काचसामान धुणाऱ्या एक मावशी होत्या. खारपाणपट्ट्यातल्या, त्यांच्या गावी विहिरीचं पाणीच खारट. बशांमधले खुरटलेले कोंब बघून त्या रोज हळहळायच्या. "काहून वं पोरी, ह्या लेकरायले मीठ पाजून राहिली तू?" मी हसून सोडून द्यायची.

एकदा तापानं मी दोन दिवस अंथरूण धरलं. तिसऱ्या दिवशी येऊन बघते, तर खाऱ्या बशांतले कोंब टवटवीत! मावशींनी खारं पाणी ओतून देऊन दोन्ही दिवस त्यांना साधं पाणी दिलं होतं. माझा तोलच गेला. "अक्कल गहाण ठेवली होती का?" असं मी आईच्या वयाच्या बाईला, सगळ्यांसमोर बोलले. त्या हातातलं फडकं पिळत उभ्या राहिल्या. "सुकून राहिले होते वं. मले नाही पाहवलं. आमच्या वावरातलं मीठ पावसाच्या पान्यानं उतरलं का पीक उठते, म्हून दिलं."

बशा फेकायला निघाले, तेवढ्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्म्यावरून बघितलं. "फेकता कशाला? मोजा तर."

रागारागातच मोजलं. मिठानं मंदावलेली विकरं पुन्हा कामाला लागली होती. मेली नव्हती तर! मीठ किती मारतं तेवढंच मी इतके महिने मोजत बसले होते. मीठ गेल्यावर काय होतं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मग तोच प्रयोग रीतसर, पुन्हा पुन्हा केला. दर वेळी उत्तर तेच आलं, आणि माझ्या प्रबंधातला सगळ्यात धड भाग तोच ठरला. मावशींची माफी मागायला गेले आणि नुसती रडले. "येडी हायेस," म्हणाल्या आणि चहा आणला.

दिवाळीच्या चार दिवस आधी प्रबंध दिला आणि पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेले. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "आता तं त्यायले मीठ नाही ना पाजनार?"

"नाही मावशी. झालं सगळं."

"मंग बेस झालं," म्हणाल्या, आणि मगच तोंडात घातला.

तो प्रबंध आता कुठल्या कपाटात धूळ खातोय देव जाणे. पुढे माझीही काही वर्षं फार वाईट गेली. आता काही उरलं नाही असं वाटायचं. तेव्हा त्या बशा आठवायच्या. मंदावलंय, मेलेलं नाही, असं मी स्वतःला सांगायची आणि दिवस काढायची. ते खरंही निघालं.

आज उसळीत मीठ घालताना माझा हात क्षणभर थबकला. मागे कोणीतरी फडकं पिळत उभं आहे असं वाटलं, आणि मी एकटीच खुदकन हसले.