बुडीपुरता माणूस

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लोणावळ्यात आमच्या तळ्याभोवती सकाळी फिरताना तो रोज पोहताना दिसायचा. जवळच्या कुरवंडे गावचा, साठीचा. पाण्यात उतरण्याआधी ओले हात कपाळाला लावायचा.

मग तळ्यावर बोटी आल्या, रेलिंग आलं, ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आली. गावाला कुणी विचारलं? गार्डने शिट्टी मारून त्याला बाहेर काढलं, तेव्हा आम्ही फिरणारे पुढच्या फेरीला निघालो. तो मात्र रोज येऊन रेलिंगबाहेर बसायचा.

गेल्या रविवारी सेल्फी काढता काढता एक पर्यटक रेलिंगवरून पाण्यात पडला. बोटवाले नुसते ओरडत राहिले. तोच गार्ड धावत याच्याकडे आला, “आबा, चला लवकर!”

दुसऱ्या बुडीत त्याने त्या पर्यटकाला जिवंत वर आणलं. गर्दी तिकडे धावली. हा पाण्यातच थांबला, सावकाश चार हात मारले.

लगेच शिट्टी वाजली.

“अरे, लाज कशी वाटत नाही तुला?” मी गार्डवर खेकसलो.

“ऱ्हाऊ द्या, सायेब,” निथळत बाहेर येत तो म्हणाला. “हितं पव्हायला बंदी हाय. बुडालेल्याला काढायला न्हाई.”