खाडीच्या चिखलात उताणी

पाणी कमरेला लागलं तेव्हा मी उजवा पाय उपसायला गेले आणि डावा आणखी खाली गेला. मांडीपर्यंत चिखल, वरून चढती भरती. आता मरणार हे मला कळलं होतं. तरी डोक्यावरचा पदर सोडला नव्हता, कारण बांधावर थोरले दीर उभे होते.

स्वातंत्र्यानंतरची दोनतीन वर्षं. मी लग्न होऊन नुकतीच बाळकुमला आलेले. माहेर खडवलीचं, तिथे नदी, तळाला वाळू. खाडीचा चिखल मला ठाऊक नव्हता. सासूबरोबर टोपली घेऊन चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला उतरले आणि ती नको म्हणाली तिथेच पाय टाकला.

दिरांनी दोर फेकला आणि ओढायला लागले. माझे खांदे निखळायची वेळ आली, पाय हलेनात.

"अरे, खुंटा उपटतोस का? थांब!" सासू त्यांच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, "अगो, उताणी पड!"

"भावजी आहेत."

"मग मढं उचलायला तोच येईल, ते चालेल? पड! आणि तू तिकडं तोंड कर रे!"

दिरांनी दोर न सोडता पाठ फिरवली. मी पडले. बुडाले नाही. उभी असताना सगळा भार दोन तळव्यांवर होता, तो आता पाठभर पसरला, थोडा पाण्यानं उचलला. पुढे मुलीच्या शाळेच्या पुस्तकात हे वाचलं: वजन तेवढंच, जागा वाढली की दाब कमी. माझ्या चौथीपर्यंत तो धडा नव्हता.

सासू पोटावर सरपटत आली. माझ्या मांडीलगत हात खुपसून तिनं चिखलात फट केली.

"ओढू नको, नुसता हलव. खाली पाणी जाऊ दे."

पाणी आत शिरलं तशी चिखलाची पकड सुटली. एक पाय आला, मग दुसरा. दोर धरून आम्ही सरपटतच बांध गाठला.

वर आल्यावर मला हसू फुटलं, ते थांबेना. सासूच्या भुवयांवरून चिखल ओघळत होता.

"हस, हस. टोपली वाहून गेली, आता कालवण तुझं करू?"

दीर अजून पाठमोरे. "आई, वळू का?"

"वळ रे बाबा. दोन म्हशी आल्यात वर."

खाडीत दोघी उतरलो होतो, दोघी घरी आलो.