चांगदेवच्या हिरवळीचं मुंडण

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्या कॉलनीत बाग म्हणजे दोन बाकं, एक तुटका झोपाळा आणि चांगदेवची हिरवळ. 'चांगदेवची' म्हटलं की सेक्रेटरी लक्ष्मीकांत यांना ठसका लागायचा. जागा सगळ्यांची आहे म्हणे. असेल. पण भर जुलैत चिखलात उकिडवं बसून लव्हाळा उपटायच्या वेळी हे सगळे कुठे असतात, ते कोणी सांगत नाही.

चांगदेवने सांवेर रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. आजोबा महूच्या छावणीत शिपाई, त्यामुळे नातवाला गवतसुद्धा एका मापात कापलेलं लागे. पावसाळ्यात दर पाच दिवसांनी मशीन फिरवायचं, उन्हाळ्यात पहाटे पाणी. थंडीत गवत पिवळं पडलं की हाही पडेल चेहऱ्याने हिंडायचा. त्याची बायको चंपा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "घरच्या कुंडीतला पुदिना वाळला, अन् हे साहेब तिकडे गावाच्या गवताला पाणी पाजून राहिले!"

गंमत म्हणजे ही हिरवळ दूर्वांची. चांगदेवच्या घरी बुद्धाची तसबीर, गणपतीशी देणंघेणं नाही. पण दर चतुर्थीला अर्धी कॉलनी परडी घेऊन त्याच्याच गवतावर. लक्ष्मीकांतांच्या आई शांताबाई सगळ्यात पुढे.

"मावशी, वरून खुडा, मुळं नका ओढू!"

"देवाचं काम आहे रे."

"मग देवाला मुळं कशाला पाहिजेत?"

फेब्रुवारीत चांगदेवने नेहमीसारखी हिरवळ जमिनीपर्यंत खरवडली. वर्षातून एकदा हे करावंच लागतं. जुनं गवत निघालं की नवं दाट फुटतं. निघालेल्या दूर्वांच्या कांड्या बारीक तोडून त्याने चाळलेल्या शेणखतात मिसळल्या आणि सगळीकडे पसरल्या. आता बाग दिसायला लागली ताज्या मुंडणाच्या डोक्यासारखी, आणि वासाचं तर विचारूच नका.

लक्ष्मीकांतांना हेच हवं होतं. त्यांच्याकडे गाड्या दोन आणि फाटकात जागा एकीची. लगेच नोटीस लागली: गवत मेलं आहे, तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करू, तीन आठवड्यांनी मीटिंग, हात वर करून निर्णय. ज्यांनी आयुष्यात कुंडीत कोथिंबीर उगवली नाही, ते गवताच्या मृत्यूचे दाखले देत सुटले.

"मेलं नाही, झोपलंय," चांगदेव दारोदार सांगत फिरला. "एकवीस दिवस द्या भिया!"

त्यातच त्याला पुतण्याच्या लग्नाला महूला जावं लागलं. दोनच दिवस. पण इंदूरकरांना दोन दिवस घाण बघवते होय? रविवारी लक्ष्मीकांतांनी झाडू वाटले, फोटो काढले, आणि बायका-पुरुषांनी मिळून बागेतलं सगळं खत झाडून बाग लख्ख केली. ढीग आणून ठेवला लक्ष्मीकांतांच्याच फाटकासमोर. कचऱ्याची गाडी आली तर गाडीवाला म्हणाला, "माटी नी लेंगे भिया. गीला बताओ या सूखा." हे ना ओलं, ना सुकं. शेवटी लक्ष्मीकांतांनी फाटकाबाहेरच्या खड्ड्यात ते खत पसरून टाकलं. दुसरी गाडी रात्री तिथेच उभी राहायची, चाक आदळायचं. खड्डाही भरला.

चांगदेव परत आला, लख्ख बाग बघून मटकन बाकावर बसला. चंपा पाणी घेऊन आली. आज तिने पुदिन्याचं नाव काढलं नाही.

"खत धुळीला मिळालं," तो म्हणाला.

"मुळं आहेत ना जमिनीत?"

"आहेत. पण आता वेळ लागेल."

तो रोज पाणी मारत राहिला. मीटिंगच्या दिवशी नेमकी चतुर्थी. सकाळी शांताबाई परडी घेऊन आल्या. जमिनीतून सुईच्या टोकाएवढी हिरवी टोकं डोकावत होती, चिमटीतही येईनात.

"मावशी, अजून आठ दिवस."

"गणपती आठ दिवस थांबतो का रे?" करवादत म्हातारी घरी वळली आणि फाटकाशीच थबकली. लक्ष्मीकांत नुकतेच गाडी घेऊन ऑफिसला गेले होते, आणि गाडीखालच्या खड्ड्यात बोटभर लांब, लुसलुशीत दूर्वा! चांगदेवच्या कांड्या, चांगदेवचं खत, आणि वर सेक्रेटरीसाहेबांनी रोज सकाळी गाडी धुऊन घातलेलं पाणी.

संध्याकाळी मीटिंगमध्ये लक्ष्मीकांत म्हणाले, "मेलेल्या गवतासाठी भावुक होऊ नका. पेव्हरच्या बाजूने हात वर करा."

हात वर जायला लागले. तेवढ्यात शांताबाईंनी एकवीस दूर्वांची जुडी टेबलावर ठेवली.

"लक्ष्मी, हे मेलेलं गवत तुझ्या गाडीखाली उगवलंय. बागेतलंही उगवतंय. ते उखडून तू ब्लॉक बसवलेस, तर पुढच्या चतुर्थीला माझ्या गणपतीला काय ब्लॉक वाहू? कोणाकोणाच्या घरी गणपती आहे, त्यांनी आता हात वर करा बरं."

पेव्हरसाठी वर गेलेले हात वरच्यावर दूर्वांच्या खात्यात जमा झाले. शेवटी लक्ष्मीकांतांनीही हात वर केला. घरी जेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी फाटकासमोर दोऱ्या बांधल्या आणि मुलाची गाडी गल्लीच्या टोकाला हाकलली. लक्ष्मीकांत बादली घेऊन तिकडे निघाले, तर मागून चांगदेवची हाक आली.

"भियाजी, गाडी कुठेही धुवा. पण उरलेलं पाणी येताना इथे ओता. फेकू नका, हलक्या हाताने."