निळ्या माशाची ताटली

आमच्या साडूंनी आयुष्यात कुणाचंही भांडं रिकामं परत केलं नाही. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरून कुणी वाटीभर आमटी पाठवली, की ती वाटी घासून, पुसून, काहीतरी घालूनच वर जायची. घरात काही नसलं तर साखर. एकदा मिठाईच्या दुकानातून आणलेला श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा त्यांनी धुतला आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दुकानात नेऊन दिला. मालकाने झाकण उघडून पाहिलं. "आम्ही बाहेरचा माल ठेवत नाही." साडू म्हणाले, "ठेवू नका. खा."

माझी पत्नी, म्हणजे मेहुणीची थोरली बहीण, गेल्यावर नारायण पेठेतल्या माझ्या घरचा ओटा कोरडा राहू लागला. खानावळीचा डबा यायचा, अर्धा तसाच परत जायचा. साडूंनी हे वर्षभर पाहिलं. मग एका सकाळी येऊन त्यांनी सांगितलं, की आपण दोघं ग्रीसमधल्या एका लहानशा, शांत बेटावर विश्रांतीला जात आहोत आणि तिथे काहीही करायचं नाही.

"काहीही मी इथेही करत नाही," मी म्हणालो.

"इथे तुम्ही ते नीट करत नाही."

मेहुणीलाही चलण्याचा आग्रह झाला. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा. तुम्ही गेलात की मला इथेच विश्रांती."

बेट खरोखर शांत होतं. पांढरी घरं, पायऱ्यांवर झोपलेली मांजरं, समोर समुद्र. आमच्या घरमालकीणबाई म्हाताऱ्या होत्या, कायम काळ्या कपड्यांत. पहिल्याच दिवशी त्यांनी ताटलीभर अंजिरं आणून दिली. ताटलीवर निळा मासा रंगवलेला होता. अंजिरं संपली तसा तो मासा दिसू लागला आणि आमची विश्रांती संपली.

साडूंनी ताटलीत शंकरपाळी घालून परत केली. संध्याकाळी ताटली चीज घेऊन आली. साडूंनी चिवडा पाठवला. वांग्याची भजी आली. बाईंना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची, त्यामुळे 'आता पुरे' असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. साडू समुद्राकडे पाठ करून बॅगेतल्या पुड्या चाचपत बसू लागले. शेवटी चकल्यांचा चुरासुद्धा गेला.

"साडूभाऊ, आपण अडचणीत आहोत," ते मला म्हणाले.

"धुऊन तशीच देऊ या."

"परमुलखात? आपल्यामागून पुण्याचे लोक इथे येणार आहेत, त्यांचा विचार करा." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

मला फक्त शिरा येत होता. बायकोने शिकवला होता, तिला ताप आला तर म्हणून. दुकानात रवा मिळाला, तूप साडूंच्या बॅगेत होतंच. वर्षभरानंतर मी गॅस पेटवला. रव्याचा वास सुटला तेव्हा साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मंद ठेवा. ती मंदच ठेवायची."

दुसऱ्या दिवशी ताटली आली ती शिरा घेऊनच. बाईंच्या हातचा, दालचिनी घातलेला. साडूंना वाटलं, आपलाच पदार्थ परत आला. ते खट्टू झाले. मी चाखून सांगितलं, की हा पदार्थ त्यांच्याकडचाही आहे. मग मी तो सगळा खाल्ला आणि दुपारभर झोपलो. उठलो तेव्हा साडू दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि मांजरांना तोंडावर बोट ठेवून दाखवत होते.

निघताना बाईंनी बोटीवर अंजिरांनी भरलेली ताटली हातात दिली आणि बोट सुटली. साडू पुण्यापर्यंत अस्वस्थ होते. "आता परत जाणं आलं," ते म्हणाले. "तोवर तुमच्याकडे ठेवा. माझ्या घरी रिकामी राहिली तर मला झोप लागायची नाही."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. आजारी पडण्याचा त्रासही त्यांनी कुणाला दिला नाही.

परवा मेहुणीकडे गेलो होतो. तिचा ओटा कोरडा होता. कोपऱ्यात खानावळीचा डबा होता, अर्धा भरलेला.

बेट आता माझ्याच्याने होणार नाही. सदाशिव पेठेत चालत जाता येतं. आज सकाळी शिरा केला, गॅस मंद ठेवून, आणि ताटलीत काढला. मासा पार झाकला गेला आहे. मेहुणी म्हणेल, कशाला केलंत. मी ताटली ठेवून निघून येईन. इतकी वर्षं तिने साडूंबरोबर संसार केला आहे. ती ताटली रिकामी परत करणार नाही.